चार फुटी समुद्री टँकच्या सम्पसाठी रिटर्न पंप किती क्षमतेचा घ्यावा?

प्रवाळप्रेमी_पुणे

सर्वांना नमस्कार.

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा समुद्री टँक मी घरी उभारत आहे. काचकाम झाले आहे, स्टँड जागेवर बसला आहे, सम्पही, म्हणजे टँकखाली ठेवायची गाळणीची टाकीही, तयार आहे. आता सम्पमधले पाणी वर टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाची निवड तेवढी राहिली आहे. त्याबाबत इतके परस्परविरोधी सल्ले मिळत आहेत की जाणकारांना सविस्तर विचारावे असे ठरवले.

स्टँडची उंची ३० इंच आहे. सम्प ३६ × १५ × १६ इंचांचा असून स्टँडच्या आत जमिनीपासून साधारण ५ सें.मी. उंचीवर ठेवला आहे, आणि पंपाच्या कप्प्यात पाण्याची पातळी सुमारे २० सें.मी. राहील. टँकच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स (काठावरून सांडणारे पाणी खाली सम्पकडे नेणारा कप्पा) असून त्याच्या तळाला एक इंची पाइपासाठी दोन छिद्रे आहेत. रिटर्नचा पाइप मात्र मागच्या काचेवरून आत सोडायचा आहे. सुरुवातीला मऊ प्रवाळ, क्लाउनफिशची जोडी आणि दोन-तीन लहान गोबी एवढेच ठेवायचे आहे. पुढे जमल्यास मोठ्या पॉलिपचे काही प्रवाळ आणीन.

दुकानदाराने ताशी ८,००० लिटरचा पंप सुचवला, कारण त्याच्या मते टँकचे पाणी तासाला वीस वेळा फिरले पाहिजे. छंदातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचे म्हणणे असे की ताशी २,००० लिटर पुरेसे आहेत. टँक दिवाणखान्यात असून शेजारीच आईवडिलांची झोपण्याची खोली आहे, त्यामुळे आवाज कमीत कमी असावा. आमच्या भागात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी अधूनमधून तीन-चार तास वीज जाते आणि घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे. एसी पंप घ्यावा की डीसी, पाइप किती जाडीचा घ्यावा, आणि वीज गेल्यावर वरचे पाणी खाली येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा का, याबद्दल मार्गदर्शन व्हावे.

---

जलगती

नमस्कार. आपण मापे दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येईल. पंपांशी माझा रोजच्या कामातून संबंध येतो, म्हणून आधी हेडबद्दल, म्हणजे पाणी चढवताना आणि पाइपातून नेताना पंपावर येणाऱ्या, उंचीच्या मापात मोजलेल्या भाराबद्दल लिहितो. पंप निवडताना लोक डब्यावरचा आकडा पाहतात, आणि तो आकडा प्रत्यक्षात त्यांच्या टँकमध्ये कधीच मिळणार नसतो.

डब्यावर छापलेले ‘ताशी अमुक लिटर’ हे शून्य उंचीवरचे असते, म्हणजे पंपाला पाणी अजिबात वर चढवावे लागत नाही आणि पुढे पाइपही जोडलेला नाही, अशा स्थितीतले. त्याच डब्यावर ‘कमाल हेड’ म्हणून मीटरमध्ये जो आकडा असतो, त्या उंचीवर पाण्याचा प्रवाह शून्य होतो. या दोन टोकांमध्ये पंप कुठे काम करील हे आपली उंची आणि आपला पाइप ठरवतो. उत्पादक हे आलेखाने दाखवतात. ज्या पंपाचा आलेख मिळत नाही तो न घेणे बरे, निदान एवढ्या महत्त्वाच्या जागी तरी.

आता आपला हिशेब पाहू. स्टँड ७६ सें.मी., त्यावर टँकमधल्या पाण्याची पातळी साधारण ५८ सें.मी., आणि खाली सम्पमधले पाणी जमिनीपासून २५ सें.मी. वर. म्हणजे दोन पातळ्यांतला फरक १०९ सें.मी. झाला. पाइप काचेवरून जात असल्याने सुरुवातीला पंपाला पाणी आणखी थोडे उंच ढकलावे लागेल, परंतु पाइप एकदा पूर्ण भरला आणि त्याचे तोंड पाण्याखाली असले की ती जादा उंची हिशेबात धरावी लागत नाही.

यात घर्षणाची भर पडते आणि पाइपाची जाडी इथेच महत्त्वाची ठरते. ताशी २,००० लिटर पाणी एक इंची पाइपातून नेले, तर त्याचा वेग सेकंदाला १.१ मीटरच्या आसपास राहतो. दोन मीटर पाइप, तीन काटकोनी एल्बो आणि शेवटचे तोंड मिळून जवळपास ४० सें.मी. हेड खर्च होते. तेवढेच पाणी पाऊण इंची पाइपातून न्यायचे म्हटले तर वेग सेकंदाला दोन मीटरच्या घरात जातो आणि घर्षणाचे हेड सव्वा मीटरच्या पुढे जाते. म्हणजे नुसत्या पाइपाच्या जाडीमुळे एकूण हेड दीड मीटरवरून जवळजवळ अडीच मीटरवर पोहोचते. पुष्कळ पंपांचे तोंड पाऊण इंचीच असते. तिथे लगेच रिड्यूसर (दोन जाडींचे पाइप जोडणारा तुकडा) लावून पुढचा सगळा पाइप एक इंची घ्यावा. जागा असेल तिथे एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरावेत.

हार्डवेअरच्या दुकानात मागताना यूपीव्हीसी मागा. घरातल्या गरम पाण्यासाठी वापरतात तो सीपीव्हीसी पाइप त्याच ‘एक इंची’ नावाने मिळतो, पण त्याचा आतला व्यास बराच कमी असतो.

तेव्हा आपल्याला असा पंप हवा की जो दीड मीटर हेडवर हवा तेवढा प्रवाह देईल. आलेख ढोबळमानाने सरळ रेषा धरली, तर डब्यावर ५,००० लिटर आणि कमाल हेड २ मीटर असलेला पंप दीड मीटरवर ताशी १,२५० लिटरच देईल. पण ४,००० लिटर आणि ३ मीटर असलेला पंप २,००० देईल. प्रत्यक्षात आलेख मध्ये थोडा फुगीर असतो, त्यामुळे आकडे काहीसे बरे येतील, तरी क्रम बदलत नाही. लहान आकड्याचा पंप जास्त पाणी देतो, हे पुष्कळांना पटत नाही. त्यांनी दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत.

---

खारे_पाणी

वरील विवेचन उत्तम आहे. त्यात ‘हवा तेवढा प्रवाह’ किती, याची भर घालतो, कारण दुकानदाराने सांगितलेल्या वीस पटींचा उगम तिथेच आहे.

प्रवाळांना जोरदार आणि दिशा बदलणारा प्रवाह लागतो हे खरे, आणि त्यासाठी तासाला वीस किंवा त्याहून अधिक पटींचे आकडे सांगितले जातात हेही खरे. पण ते काम टँकमध्ये बसवलेल्या वेव्हमेकरचे, म्हणजे पाणी जागच्या जागी ढवळणाऱ्या पंख्यासारख्या पंपाचे आहे. दहा-पंधरा वॉटचा वेव्हमेकर जेवढे पाणी हलवतो, तेवढे सम्पमधून दीड मीटर वर चढवायला कित्येक पट वीज लागते. रिटर्न पंपाने टँकमधले पाणी सम्पपर्यंत पोहोचवायचे, तिथे ते गाळले जाईल, स्किमरमधून (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण वेगळी काढणाऱ्या यंत्रातून) जाईल, हीटर किंवा चिलरमुळे त्याचे तापमान स्थिर राहील, आणि मग ते परत वर यायचे. एवढ्यासाठी तासाला चार ते पाच पटी मला पुरेशा वाटतात. आपल्या टँकचे बाहेरच्या मापाने आकारमान १६ घनफूट, म्हणजे सुमारे ४५० लिटर भरते. काचेची जाडी, खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ३८० ते ४०० लिटरच राहील. म्हणजे ताशी १,६०० ते २,००० लिटर. आपल्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे.

प्रवाह त्याहून वाढवल्यास सम्पमध्ये पाणी इतक्या वेगाने जाते की बुडबुडे फुटायला अवधी मिळत नाही. ते पंपात ओढले जातात आणि वर टँकमध्ये बारीक बुडबुड्यांचे धुके दिसू लागते. फिल्टरची पिशवीही लवकर भरून वाहू लागते.

मात्र यापेक्षा महत्त्वाची मर्यादा ओव्हरफ्लोची आहे. पंप कितीही पाणी चढवू शकला, तरी ओव्हरफ्लोतून खाली येऊ शकेल तेवढ्याच पाण्याला वर जागा आहे. बाकीचे दिवाणखान्यात येईल. एक इंची पाइपावर ड्युर्सो पद्धतीचा उभा पाइप लावला, तर त्यातून पाण्याबरोबर हवाही खाली जाते. ताशी २,००० लिटरच्या वर मी त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही, शिवाय त्या सुमारास खळखळाटही सुरू होतो. आपल्याकडे दोन छिद्रे आहेत आणि रिटर्न काचेवरून येतो आहे, तेव्हा दोन्ही छिद्रे पाणी खाली आणण्यासाठीच वापरा. एका पाइपात गेट व्हॉल्व्ह लावून तो पूर्ण भरून वाहील असा जुळवायचा, म्हणजे हवा आत जात नाही आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. दुसऱ्या पाइपाचे तोंड थोडे वर ठेवायचे. तो एरवी कोरडा राहील आणि पहिला तुंबलाच तर पाणी त्यातून उतरेल. या रचनेला हर्बी म्हणतात. शेजारी आईवडील झोपतात म्हणता, तर आवाजाच्या दृष्टीने पंपाच्या निवडीइतकाच या जुळणीचा उपयोग होईल. इथे बॉल व्हॉल्व्ह नको, त्याने बारीक फेरफार जमत नाहीत.

---

नागपूरचे_मत्स्यालय

एसी की डीसी, याबद्दल थोडे लिहितो.

माझ्या मते आपल्या परिस्थितीत डीसी पंप योग्य ठरेल. त्याचे पहिले कारण वीज. रिटर्न पंप वर्षभर अखंड चालतो, आणि अखंड चालणारा प्रत्येक वॉट वर्षाला पावणेनऊ युनिटे खातो. आयहाइमचा १२६२ हा जुना, नावाजलेला एसी पंप घ्या. त्यावर ताशी ३,४०० लिटर, कमाल हेड ३.६ मीटर आणि ८० वॉट असे आकडे आहेत. जलगती यांच्या पद्धतीने हिशेब केला, तर दीड मीटरवर तो जवळजवळ २,००० लिटर देतो, म्हणजे आपल्या गरजेला चपखल बसतो. पण ८० वॉट म्हणजे वर्षाला सुमारे ७०० युनिटे. तेच काम ३५ वॉटमध्ये करणारा डीसी पंप ३०७ युनिटे घेईल. हा फरक आपल्या वीजबिलाच्या टप्प्यानुसार रुपयांत मांडून पाहावा.

दुसरे कारण उष्णता. पाण्यात बुडवलेल्या पंपाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर पाण्यात उष्णता होऊन उतरते. विदर्भातल्या उन्हाळ्यात आम्हाला हा मुद्दा फार जाणवतो, परंतु पुण्यातही एप्रिल-मेमध्ये पाणी २८ अंशांच्या वर जायला वेळ लागत नाही. पंपाची उष्णता निम्म्याने घटली, तर चिलर तेवढा कमी वेळ चालतो.

तिसरे कारण आपला इन्व्हर्टर. एसी पंपाची मोटर स्क्वेअर वेव्हवर घरघरते आणि तापते. असा पंप वारंवार तासन् तास त्यावर चालवणे मला मान्य नाही. डीसी पंपाचा ॲडॅप्टर बहुधा ते निभावून नेतो, तरी इन्व्हर्टर बदलण्याची वेळ येईल तेव्हा साइन वेव्हच घ्या.

आणखी दोन सूचना कराव्याशा वाटतात. कूलरचा पंप स्वस्त मिळतो म्हणून काही जण तो लावतात. त्याचे कमाल हेड जेमतेम पावणेदोन मीटरच्या आसपास असते, आणि आतल्या धातूच्या दांड्याला खाऱ्या पाण्यात गंज चढतो. समुद्री टँकसाठी सिरॅमिकच्या दांड्याचाच पंप घ्यावा. परदेशातून कुणी नातेवाईक पंप आणणार असतील, तर त्यावर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ लिहिलेले असल्याची खात्री करून घ्या. अमेरिकेतले एसी पंप ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे असतात. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवले, तरी ५० हर्ट्झवर मोटर सहाऐवजी पाचच्या प्रमाणात फिरते, त्यामुळे कमाल हेड जवळपास तीस टक्क्यांनी घटते.

---

शांत_सम्प

डीसी पंपाच्या विजेबद्दल दुमत नाही, पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एसी पंपात बिघडण्यासारखे फारसे काही नसते: कॉइल, चुंबक, इंपेलर (पाणी ढकलणारे फिरते चक्र). सहा महिन्यांनी उघडून व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवला, चुन्याचा थर ब्रशने काढला आणि साध्या पाण्याने धुतला, की तो वर्षानुवर्षे चालतो. डीसी पंपात मोटरखेरीज कंट्रोलर आणि ॲडॅप्टर हे दोन भाग अधिक असतात, आणि पंप ठणठणीत असतानाही कंट्रोलरमुळे तो बंद पडलेला मी पाहिला आहे. सम्पच्या कपाटात खारी दमट हवा कोंडते आणि कंट्रोलर तिथेच टांगला, तर त्याच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो. म्हणून डीसी घेणार असाल, तर कंट्रोलर कपाटाबाहेर, सम्पच्या पातळीपेक्षा उंच लावा, आणि ज्या पंपाचा कंट्रोलर सुटा मिळतो व इथे दुरुस्त होतो असाच घ्या. एखादा साधा एसी पंप सुटा घरात ठेवलेला असावा. प्रवाळांच्या टँकमध्ये रविवारी रात्री पंप बंद पडला, तर सोमवारी दुकान उघडेपर्यंत थांबणे परवडत नाही.

डीसीच्या बाजूने मात्र एक गोष्ट निश्चित आहे. खारे_पाणी यांनी सुचवलेली हर्बीची जुळणी प्रवाह स्थिर असेल तरच टिकते, आणि पंप जरा मळला की प्रवाह घटतो. डीसी पंपाचा वेग एक पायरी वाढवून तो पूर्ववत करता येतो. एसी पंपाला हे करायचे तर तोंडाजवळ व्हॉल्व्ह लावून आधी थोडा दाबून ठेवावा लागतो. तसे करण्याने पंपाचे नुकसान होत नाही, फक्त व्हॉल्व्ह बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बाजूला असावा. आत येणारे पाणी कधीही दाबू नये.

आवाजाबद्दल सांगायचे, तर पंप आणि ताठ पाइप यांच्यामध्ये वीतभर सिलिकॉनची नळी टाका आणि पंपाखाली मऊ पॅड ठेवा. पंपाची थरथर ताठ पाइपातून स्टँडमध्ये उतरते आणि प्लायवूडचे कपाट ती मोठी करून ऐकवते. खरा आवाज बहुधा त्याचाच असतो.

---

प्रवाळप्रेमी_पुणे

सर्वांचा मनापासून आभारी आहे. कमाल हेड ३ मीटर किंवा त्याहून अधिक, डब्यावर ताशी ४,००० लिटरच्या आसपास आणि सुटा कंट्रोलर मिळणारा डीसी पंप, एक इंची यूपीव्हीसी पाइप आणि दोन्ही छिद्रांची हर्बी, असे आता ठरवले आहे. वीज गेल्यावर वरून किती पाणी खाली येईल आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घ्यावा का, एवढे दोन प्रश्न उरले.

---

जलगती

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर घराची सुरक्षितता सोपवू नये असे माझे ठाम मत आहे. खाऱ्या पाण्यात त्याच्या पडद्यावर चुन्याचे कण बसतात, एखादी बारीक गोगलगाय अडकते, आणि नेमका वीज जाते त्या दिवशी तो पूर्ण बंद होत नाही. शिवाय चालू असताना तो हेड खातोच. वीज गेल्यावर जेवढे पाणी खाली येईल तेवढे सम्पमध्ये मावलेच पाहिजे, अशीच रचना असावी.

पंप थांबला की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटे वाहू लागते आणि पाइपाचे तोंड उघडे पडेपर्यंत वाहत राहते. आपल्या टँकचा पृष्ठभाग जवळपास पाऊण चौरस मीटर आहे, म्हणजे पातळी एक सें.मी. उतरली की सुमारे साडेसात लिटर पाणी खाली जाते. तोंड पाण्याखाली ५ सें.मी. असेल तर ३७ लिटर, १० सें.मी. असेल तर ७४. आपल्या सम्पचा तळ ०.३५ चौरस मीटर आणि उंची ४० सें.मी. आहे. चालू असताना सगळ्या कप्प्यांत मिळून सरासरी २२ सें.मी. पाणी धरले, तर वर १८ सें.मी. म्हणजे सुमारे ६२ लिटरांची जागा उरते. ३७ लिटर आणि पाइपांत व ओव्हरफ्लोत असलेले आणखी काही लिटर त्यात मावतील. ७४ मावणार नाहीत. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या जवळ, ३ ते ५ सें.मी. खोलीवर ठेवा. काही जण पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पातळी उतरताच त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. छिद्र जरूर पाडा, ते शेवाळाने बुजते म्हणून दर आठवड्याला तपासा, पण हिशेब मात्र ते बुजले आहे असे धरूनच करा.

---

खारे_पाणी

वरील हिशेबाला जोडून सांगतो. वीज जाते तेव्हा सम्पमधली पातळी वाढते आणि स्किमर नेहमीपेक्षा खोल बुडतो. वीज परत येताच तो त्या स्थितीत सुरू झाला, तर त्याच्या कपातले घाण पाणी उसळून सम्पमध्ये येते. स्किमरच्या प्लगला काही मिनिटे उशिरा सुरू होणारा टायमर लावल्यास तोवर पंप पातळी पूर्ववत करतो.

तीन-चार तास वीज नसेल, तर इन्व्हर्टरवर रिटर्न पंपाऐवजी एक वेव्हमेकर चालवणे मी पसंत करीन, अर्थात तो डीसी ॲडॅप्टरवर चालणारा असावा. त्या वेळी माशांना मुख्यतः प्राणवायू हवा असतो आणि पृष्ठभाग हलता राहिला की तो मिळतो. त्याला रिटर्न पंपाच्या एका अंशाने वीज लागते. बॅटरीवर चालणारा एखादा एअर पंपही कपाटात असू द्या.

विजेच्या जोडणीबाबत हयगय करू नका. टँकच्या सर्व प्लगांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. प्रत्येक वायर प्लगकडे नेण्यापूर्वी प्लगच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या खालच्या वळणावरूनच जमिनीवर पडेल. सम्पमध्ये हात घालण्यापूर्वी सगळे बंद करा.

आणि मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी घ्या. टँक आणि सम्प भरा, पंप सुरू करा, हर्बीचा व्हॉल्व्ह जुळवा आणि पातळी स्थिरावू द्या. रिटर्नचे तोंड तात्पुरते दहा लिटरच्या बादलीत वळवून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. पंधरा सेकंद लागले तर ताशी २,४०० लिटर, वीस लागले तर १,८००. बादली टँकच्या काठाच्या उंचीवर धरा, कारण खाली धरली तर हेड बदलते आणि आकडा फसवा येतो. मग बादलीतले पाणी परत ओता, तोंड जागेवर लावा, पातळी पुन्हा स्थिरावली की पंपाचा प्लग काढा, आणि वरून पाणी यायचे पूर्ण थांबेपर्यंत सम्पजवळ थांबा. सम्पच्या काठापासून निदान चार-पाच सें.मी. जागा उरली पाहिजे. तेवढी उरत असेल तर पंप पुन्हा सुरू करून पाणी स्थिरावल्यावर पंपाच्या कप्प्याच्या काचेवर मार्करने रेघ मारा, आणि बाष्पीभवनाने घटलेले गोडे पाणी पुढे कधीही भरताना त्या रेघेच्या वर जाऊ देऊ नका.